फिजी म्हणजे नुसते रिसॉर्ट नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत डिसेंबरच्या सुट्टीत परदेशात कुठे जाता येईल यावर जो मोठा लेख आला होता त्यात फिजीला चांगलं अर्धं पान दिलंत, ते बघून आधी खूप आनंद झाला आणि वाचून झाल्यावर मात्र मन खट्टू झालं. निळं पाणी, पांढरी वाळू, हनिमून कपल, स्नॉर्केलिंग, स्पा, पॅकेजचे दर, सगळं होतं, पण त्या अख्ख्या अर्ध्या पानात फिजीचा एक माणूस नव्हता. ३०० च्या वर बेटं, त्यातल्या साधारण एक तृतीयांश बेटांवर वस्ती, जवळपास नऊ लाख लोक, आणि डिसेंबर म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, आणि आपल्या वाचकाला त्यातलं काहीच कळलं नाही. म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांब होईल, जमेल तेवढं छापा.

मी मूळची गुहागरकडची, आता बरीच वर्षं ऑकलंडला आहे, इथे एका वृद्धाश्रमात केअरगिव्हर म्हणून काम करते. या कामात इथे फिजीच्या बायका भरपूर आहेत आणि म्हाताऱ्या माणसांना त्यांच्याइतकं प्रेमाने सांभाळणारं मी तरी कुणी बघितलं नाही. त्यातलीच एक माझी मैत्रीण कांदावू बेटावरची. तिने मला आणि माझ्या नवऱ्याला ख्रिसमस आणि नवीन वर्षासाठी तिच्या गावी नेलं, तिच्या आजीच्या घरी. आजीला तिकडे बुबू म्हणतात, मीही बुबूच म्हणायला लागले आणि म्हातारीला ते फार आवडलं.

कांदावू म्हणजे राजधानी सुवाच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटरवर असलेलं बेट, फिजीतलं आकाराने चौथं. वस्ती दहा-अकरा हजारांची, रस्ते जवळजवळ नाहीतच, एका गावातून दुसऱ्या गावात जायचं तर फायबरच्या बोटीने, मागे इंजिन लावलेल्या. वुनिसेआ नावाच्या ठिकाणी सरकारी ऑफिसं आणि छोटी धावपट्टी आहे, पण बहुतेक लोक सुवाहून रात्रीच्या फेरीबोटीनेच जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्या बोटीचा धक्का बघायलाच पाहिजे. सुवात नोकरी करणारे, शिकणारे, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडहून आलेले सगळे गावाला निघालेले, हातात मैद्याची पोती, बिस्किटांचे मोठे चौकोनी डबे, गाद्या, बादल्या, पोरांना नवीन चपला, कुणाकडे स्पीकर, कुणाकडे पिंजऱ्यात कोंबड्या, आणि डेकवर जागा धरण्यासाठी चटया टाकलेल्या. मला तर थेट गणपतीला निघालेले आमचे चाकरमानी आठवले, ती एसटीला लागलेली रांग, ते टपावरचं सामान, घरी पोचायची तीच घाई. ज्यांनी कोकणातला गणपती बघितलाय त्यांना फिजीचा ख्रिसमस वेगळा समजवायची गरजच नाही, गाव वर्षभर म्हातारी माणसं आणि पोरं सांभाळून असतं आणि त्या दिवसांत एकदम भरतं.

आता गावात शिरायची पद्धत, आणि हीच गोष्ट तुमच्या लेखात पहिल्या ओळीत असायला हवी होती. फिजीच्या कुठल्याही गावात पाहुणा आला की आधी सेवुसेवु करायचं असतं. सेवुसेवु म्हणजे यांगोनाच्या वाळलेल्या मुळ्यांची जुडी गावच्या प्रमुखापुढे ठेवून गावात राहायची परवानगी मागणं. यांगोना म्हणजेच बाकीचं जग ज्याला कावा म्हणतं ती मिरीच्या कुळातली वनस्पती. आम्ही सुवाच्या मार्केटमधून घेतली, बाई वर्तमानपत्रात गुंडाळून वर रिबिन बांधून देते. कांदावूची यांगोना सगळ्या फिजीत नावाजलेली आहे, तरी कांदावूला जाताना सुद्धा घेऊनच जायची, हात हलवत जायचं नाही. मग घरात जमिनीवर चटईवर बसायचं, चपला बाहेर, डोक्यावर टोपी नाही, गॉगल नाही, बायकांनी खांदे आणि गुडघे झाकलेले, कमरेला सुलू, म्हणजे लुंगीसारखं कापड, गुंडाळलेला. मैत्रिणीच्या मामांनी आमच्या वतीने ती जुडी पुढे ठेवली, खाली मान घालून बरंच बोलले, आम्ही कोण, कुठून आलो, त्यांच्या भाचीशी आमचं काय नातं, समोरून एका म्हाताऱ्याने जुडीला हात लावून तेवढंच मोठं उत्तर दिलं, टाळ्या वाजल्या आणि झालं. त्यानंतर पूर्ण गावात आम्हाला कुणी परकं धरलं नाही. पोरं नावाने हाका मारायची, कुठल्याही दारावरून जाताना आतून ओरडून जेवायला बोलवायचे, आणि ते तोंडदेखलं नसतं, आत गेलात तर खरंच ताट पुढे येतं.

त्यानंतर ती यांगोना कुटून पाण्यात मळून तानोआ नावाच्या लाकडी पायांच्या मोठ्या भांड्यात करतात आणि नारळाच्या करवंटीतून एकेकाला देतात. घ्यायच्या आधी एक टाळी, बुला म्हणायचं (तिकडचा नमस्कारच तो), एका दमात संपवायचं, मग तीन टाळ्या. चव मातकट, जीभ थोडी बधीर होते, दारूसारखी चढत नाही, माणूस शांत होतो आणि गप्पा लांबतात. रात्री उशिरापर्यंत चालतं, गिटार, उकुलेले, गाणी, मधेच कुणीतरी वारलेल्या माणसाची आठवण काढून रडतं आणि बाकीचे गप्प बसतात.

ख्रिसमसच्या सकाळचं जेवण लोवोमध्ये, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत, होतं. मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं म्हणून सांगते. पहाटे अंधारातच पुरुष मंडळींनी घराच्या मागे गुडघाभर खड्डा खणला, त्यात लाकडं रचली, वर ओढ्यातले गोल दगड, आणि पेटवून दिलं. लाकडं जळून गेली की दगड लालभडक होतात, मग लांब काठीने ते सारखे पसरायचे, जळकी लाकडं बाहेर काढायची, दगडांवर नारळाच्या झावळ्यांचे देठ आडवे घालायचे म्हणजे अन्न करपत नाही. सगळ्यात खाली दालो आणि कसावा, त्यावर झावळीच्या विणलेल्या टोपल्यांत कोंबड्या, डुक्कर, मोठे मासे, सगळ्यात वर पालुसामी. मग केळीची पानं, त्यावर ओली गोणपाटं, आणि वरून माती ओढून घ्यायची. कुठून वाफ निसटली तर पोरगं धावत जाऊन तिथे माती टाकतं. दोन-अडीच तासांनी उघडलं की जो वास येतो तो मला लिहून सांगता येणार नाही.

दालो म्हणजे आपलं अळूच, त्याचे कांदे ते लोक भाकरीसारखे रोज खातात, आणि पालुसामी म्हणजे त्याची कोवळी पानं, आत नारळाचं घट्ट दूध, कांदा, कधी डब्यातलं मांस, आणि पुरचुंडी बांधून भाजलेली. नारळ खवायला बसायच्या लाकडी पाटालाच पुढे दातेरी पातं असतं, बुबूने मला त्यावर बसवलं आणि माझा हात बघून शेजारणीला काहीतरी म्हणाली, मैत्रिणीने सांगितलं की बुबू म्हणतेय ही नारळाच्या गावची आहे. मी मासे खाते पण डुक्कर नाही, तर त्याची कुणी चर्चाही केली नाही, माझ्यासाठी पानात वेगळा मासा आणि लिंबाच्या रसात मुरवून नारळाच्या दुधात घातलेला कच्च्या माशाचा कोकोंदा ठेवलेला होता.

आणि त्याच चटईवर लोवोच्या शेजारी कोंबडीची करी आणि रोट्याही होत्या, बाटलीने लाटलेल्या. हे वाचून आपल्या लोकांना आश्चर्य वाटेल पण फिजीत ते घरचंच जेवण आहे. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी ऊसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून साठ हजारांवर माणसं करारावर तिकडे नेली, गिरमिट म्हणतात त्याला. जहाजं कलकत्त्याहून आणि नंतर मद्रासहून सुटायची त्यामुळे त्यांत आपल्याकडचे फारसे नाहीत, पण त्यांची फिजी हिंदी आपल्याला ऐकली की कळते. आजही लोकसंख्येत ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहेत, दिवाळी तिथे देशभर सुट्टी असते. सगळं गोडगोड होतं असंही नाही, १९८७ आणि २००० च्या सरकार उलथवणाऱ्या बंडांमध्ये त्यांनी फार सोसलं आणि हजारो कुटुंबं घरदार सोडून ऑकलंड, सिडनीला आली, त्यातले काही माझे शेजारी आहेत आणि त्यांच्या बोलण्यात ती सल अजून आहे. तरीही सुवाहून कांदावूला जाताना एका भारतीय वंशाच्या दुकानदाराने माझ्या मैत्रिणीच्या आईसाठी मिठाईचा डबा बांधून दिला, पैसे घेतले नाहीत, म्हणाला दिवाळीला तुमच्याकडून दालो आला होता. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहायला हव्यात असं मला वाटतं.

चर्चबद्दल लिहिल्याशिवाय तर हा सण पूर्णच होत नाही. मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी १८३५ ला लाऊ बेटांवर आले, आणि आज मूळ फिजीयन बहुतेक मेथडिस्ट आहेत. लाली नावाचा लाकडी ओंडक्याचा ढोल वाजला की गाव चर्चकडे निघतं. सणाला अख्खं कुटुंब एकाच छापाच्या कापडाचे कपडे शिवतं, आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत, त्याला कालावाता म्हणतात. आमच्यासाठी पण त्याच कापडाचे शिवून ठेवले होते, मैत्रिणीने माझं माप मला न कळू देता कामावरच्या युनिफॉर्मवरून घेतलं होतं. लाल जास्वंदीच्या छापाचा लांब ड्रेस घालून मी त्या सगळ्यांच्या रांगेत बसले, मी काही ख्रिश्चन नाही, मला कुणी विचारलंही नाही. आणि मग ते गायला लागले. वाद्य एकही नाही, बायकांचे दोन सूर, पुरुषांचे दोन, चर्चचे पत्रे थरथरतात अक्षरशः. प्रॅक्टिसला कुणी बसलेलं मी बघितलं नव्हतं, लहानपणापासून सगळे गातातच त्यामुळे प्रत्येकाला आपला सूर माहीत असतो. आठ-नऊ वर्षांची पोरं एकेक करून पुढे येऊन पाठ केलेल्या ओळी म्हणत होती, एक पोरगी मधेच अडली तर मागून सगळ्या बायकांनी मिळून तिला पुढचा शब्द दिला.

एकतीस तारखेला रात्री पुन्हा चर्च, आणि बारा वाजता लालीचा दणदणाट, पोरं बांबूच्या नळ्यांत रॉकेल घालून बार उडवतात. तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात, मी गुहागरला आईला फोन लावायला टेकडीवर गेले, रेंज तिथेच येते. १८० अंश रेखांशाची रेषा, जिच्या आसपास तारीख बदलते, ती फिजीच्या तावेउनी बेटावरून जाते त्यामुळे जगात नवीन वर्ष सगळ्यात आधी बघणाऱ्यांत हे लोक आहेत. त्यानंतर पुढे कितीतरी दिवस एकमेकांच्या अंगावर पाणी ओतणं, तोंडाला टाल्कम पावडर फासणं, नाच, बायकांचा मोसंबीसारखं फळ लाथेने उडवायचा खेळ, हे चालूच. साठीच्या बायका बादली घेऊन पुरुषांच्या मागे धावतात. गुलमोहर आपल्याकडे मे महिन्यात फुलतो, तिकडे ऐन डिसेंबरात, सगळं गाव लाल झालेलं असतं.

काही गोष्टी खटकल्या त्याही लिहिते, नाहीतर मीही पॅकेजवाल्यांसारखंच लिहिल्यासारखं होईल. एक म्हणजे बायकांचं काम. लोवो पुरुष लावतात त्याचं कौतुक होतं, पण बाकी सगळं दिवसभर बायकाच करतात, आणि जेवताना पाहुणे आणि मोठे पुरुष आधी, बायका-पोरं मागून. म्हणून पाहुण्याने ताटातलं सगळं संपवायचा हट्ट करू नये, तुम्ही मागे ठेवता तेच मागच्या पंगतीला जातं. दुसरं म्हणजे दुकानातलं खाणं. घरामागे दालो, पपई, समुद्रात मासा असताना पोरांच्या हातात नूडल्सची पाकिटं आणि गोड पेयं, सणाला डब्यातल्या मांसाचे ढीग. फिजीत डायबिटीस फार आहे, मी इथे नर्सिंगच्याच कामात असल्याने मला ते बघवलं नाही, गावात पाय कापलेली माणसं दिसली. मी बुबूशी त्यावर बोलले, ती म्हणाली डबा आणणं म्हणजे शहरातून आलेल्या पोराने इज्जत राखली असं असतं, त्याला नको कसं म्हणू.

आणि वादळं. नोव्हेंबर ते एप्रिल हा तिकडे चक्रीवादळांचा काळ, म्हणजे सण बरोब्बर त्यातच येतो. २०१६ च्या फेब्रुवारीत विन्स्टन आलं त्यात ४४ माणसं गेली. २०२० च्या १७ डिसेंबरला, ख्रिसमसला आठवडा राहिलेला असताना, यासा वादळाने वानुआ लेवू बेटावर गावंच्या गावं झोपवली. कांदावूवर त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॅरोल्ड आलं, बुबूच्या घराचं छप्पर तेव्हा गेलं होतं, अजून एका खोलीवर ताडपत्रीच आहे. घर परत उभं कुणी केलं विचारलं तर तिने गावाकडे हात केला. सगळे मिळून आज याच्या, उद्या त्याच्या घरी राबतात, मजुरी कुणी घेत नाही, ज्याचं काम तो जेवण घालतो. समुद्रही वर येतोय, वानुआ लेवूवरचं वुनिदोंगोलोआ हे गाव २०१४ ला अख्खं उचलून आत टेकडीकडे न्यावं लागलं, जुन्या जागी भरतीचं पाणी घरात शिरायचं. हवामान बिघडवणाऱ्या प्रदूषणात ज्या देशाचा वाटा नगण्य आहे त्याला हे भोगावं लागतंय याचा मला खरंच राग येतो, आणि आपण मात्र त्यांच्याकडे फक्त बीचचे फोटो बघायला जातो.

आता मूळ मुद्द्यावर येते. आम्ही असतानाच एका सकाळी बोटीतून काही पर्यटक थेट गावात उतरले, पोहण्याच्या कपड्यांत, चर्च चालू होतं, एकाने वरून ड्रोन सोडला, दोघी खिडकीतून आत मोबाईल धरून व्हिडिओ घेत होत्या. गावातल्या कुणीही त्यांना एक शब्द बोललं नाही. उलट गावचा कारभारी बाहेर आला, त्यांना सावलीत बसवलं, शहाळी दिली आणि प्रार्थना संपेपर्यंत थांबा म्हणाला. ते थांबले नाहीत, शहाळी पिऊन गेले. माझी मैत्रीण त्या दिवशी जेवली नाही. त्या लोकांना मी दुष्ट नाही म्हणणार, त्यांना आधी कुणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांनी वाचलं असेल ते असंच अर्ध्या पानाचं वाचलं असेल.

आता आपल्याकडून फिजीला जाणारे वाढतायत, ऑकलंड-सिडनीच्या मराठी कुटुंबांसाठी तर ते जवळचंच आहे. माझं म्हणणं जाऊ नका असं अजिबात नाही, रिसॉर्टमध्ये राहा, तिथे गावातलीच माणसं काम करतात आणि त्यांना ते पैसे लागतात. पण गावात सण बघायचा असेल तर कुणाच्यातरी ओळखीने, बोलावणं असेल तरच जा. यांगोना घेऊन जा. जाताना तांदूळ, साखर, चहा, शाळेच्या वह्या न्या, पैसे हातात कोंबू नका, द्यायचेच तर चर्चच्या किंवा गावाच्या वर्गणीत मोठ्या माणसाला विचारून द्या. कुणाच्या डोक्याला हात लावू नका, लहान पोराच्याही नाही, माणसं बसलेली असताना मधून जायचं तर वाकून, तुलोउ, म्हणजे माफ करा, म्हणत जा. रविवारी पोहायला उतरू नका. फोटो विचारून काढा, विचारलं तर बहुतेक हो म्हणतात आणि वर पोज देतात. आणि कुणाच्या घरातल्या वस्तूचं फार कौतुक करू नका, ते लोक ती वस्तू तुमच्या पिशवीत घालतील, माझ्या सोबत बुबूची नवी विणलेली चटई आलीच, नको नको म्हणत असताना.

संपादक साहेब, तुमचा पेपर माझी आई अजून रोज वाचते आणि मी मोबाईलवर, म्हणून हक्काने सांगते. पुढच्या डिसेंबरच्या पुरवणीत फिजीवर, किंवा कुठल्याही अशा बेटावर लिहाल तेव्हा दरपत्रकाच्या शेजारी एक चौकट या गोष्टींची टाका. आणि जमलं तर सुवात किंवा ऑकलंडमध्ये राहणाऱ्या एखाद्या फिजीयन माणसाकडून त्यांच्या सणाबद्दल लिहून घ्या, मराठीत आणायचं काम मी करून देईन, मानधन नको. माझ्या मैत्रिणीला मी विचारलंय, ती तयार आहे, तिची एकच अट आहे की लेखासोबत बीचचा नाही तर बुबूचा फोटो छापायचा.

कळावे,
आपली एक वाचक,
ऑकलंड (मूळ गाव गुहागर तालुका)